तिसऱ्यांदा त्याच टपरीवर: रोजच्या खाण्यातून श्रीलंका ओळखण्याची खान्देशी पद्धत

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मंडळी आता परदेशी सहलीला बरीच जातात. बहुतेक सहलींमध्ये सोबत महाराज असतो. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, रात्री शेवभाजी, आणि मधल्या वेळात बसच्या काचेतून देश. घरच्या म्हाताऱ्या माणसांना ही सोय लागतेच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्याचे पाय धड आहेत आणि पोट तिखटाला सरावलेलं आहे, त्याने एकदा तरी वेगळ्या रीतीने जाऊन पाहावं. एक गाव निवडायचं, त्यातली एक गल्ली, गल्लीतली एक टपरी, आणि त्या टपरीवर पुन्हा पुन्हा जायचं. पहिल्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक असता. दुसऱ्या दिवशी चेहरा ओळखीचा होतो. तिसऱ्यांदा गेलात की समोरचा माणूस विचारतो, कुठले तुम्ही, काय करता, मुलं किती. खरा देश तिथून सुरू होतो.

अशा प्रवासाची सुरुवात श्रीलंकेपासून करा असं मी आग्रहाने सांगेन. देश जवळ आहे. भात हाताने खातात, ताटात मिरची असते, दुकानापुढे केळीचे घड टांगलेले असतात. तरीही चव, रीत आणि दिवसाची लय आपल्यापेक्षा इतकी वेगळी आहे की शिकायला भरपूर उरतं.

आधी आपलाच बाजार परक्या नजरेने बघा

परदेशात गेल्यावर एकदम बघायला येत नाही. त्याची सवय इथेच लावून घ्यावी. आपल्या रोजच्या बाजारात नको, कारण तिथे आपलं लक्ष भावाकडे असतं. दुसऱ्या तालुक्यात जा. जळगावच्या माणसाने हिवाळ्यात नंदुरबारला मिरची वाळत घालतात त्या पथारीवर जावं. धुळ्याच्या माणसाने थंडीत यावल तालुक्यात बामणोदला जाऊन भरिताच्या वांग्यांचा व्यवहार बघावा. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची यात्रा असते, घोड्यांच्या बाजारामागे चुली पेटलेल्या असतात, तिथे एक सकाळ काढावी.

सोबत छोटी वही ठेवा. बाजारात किती वाजता कोण काय खातं, ते लिहा. हमाल उभ्याने खातो की बसून? बाया भाकरी घरून आणतात की विकत घेतात? पैसे आधी द्यायचे की खाऊन झाल्यावर? दुकानदार गिऱ्हाइकाला भाऊ म्हणतो, आबा म्हणतो की शेठ? कोणता पदार्थ अकरापर्यंत संपतो आणि कोणता संध्याकाळीच मिळतो? दोन तासांत वहीची चार पानं भरतील. हेच प्रश्न घेऊन कोलंबोच्या रस्त्यावर उतरायचं आहे. ज्याला नंदुरबारच्या पथारीवर बघता आलं त्याला कुठेही बघता येतं, हा माझा विश्वास आहे.

जाण्याची तयारी

पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक असलेला हवा. व्हिसासाठी श्रीलंकेच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ईटीएचा, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवान्याचा, अर्ज भरावा लागतो. त्याचं शुल्क आणि सवलती अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी तिथेच तपासा. नावात सारख्या दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर पैसे भरू नका.

मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, अडीच तासांच्या आसपास लागतात. दुसरा रस्ता चेन्नईचा. नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करत चेन्नईला जाते. तिथून कोलंबोचं उड्डाण जेमतेम सव्वा तासाचं. हातात वेळ असेल तर मला चेन्नईचा रस्ता जास्त आवडतो, कारण एक दिवस चेन्नईत इडली-सांबारावर काढला की जिभेला पुढचा बदल सोपा जातो.

पैशाचं म्हणाल तर 2025 मध्ये आपल्या एका रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळत होते. फेब्रुवारी 2024 पासून तिथे आपलं यूपीआयही चालतं, पण क्यूआर लावलेल्या मोठ्या दुकानांत. टपरी, बस आणि आठवडे बाजाराला रोख आणि सुटे लागतात. मोठी नोट घेऊन चहाला जाऊ नये.

हवामान बघून महिना ठरवा. कोलंबो आणि दक्षिण किनाऱ्यासाठी डिसेंबर ते मार्च चांगला. मे-जूनमध्ये तिकडे नैऋत्य मोसमी पाऊस जोरात असतो. एप्रिलच्या 13-14 तारखेला सिंहली आणि तामिळ नववर्ष येतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे लेकीबाळी माहेरी येतात तशी तिथे सगळी शहरं गावाकडे जातात, आणि कोलंबोत बरीच दुकानं बंद असतात. कोणाच्या घरचं आमंत्रण असेल तर मात्र याच दिवसांत जा. तांदळाचं पीठ आणि काकवीचे तळलेले ‘कवुम’, साच्यात बुडवून तळलेले ‘कोकिस’ आणि दुधभाताच्या वड्या घरोघरी होतात.

दर पौर्णिमेला ‘पोया’ची सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी दारू आणि मांस विकत नाहीत. मे महिन्यातल्या वेसाकच्या पौर्णिमेला तर रस्त्यारस्त्यावर ‘दन्सल’ लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवण, सरबत, चहा. आषाढीच्या दिंड्यांना गावोगाव वाढणारी आपली माणसं आठवतील. रांगेत उभं राहा आणि खा. परक्या माणसाने खाल्लं तर त्यांना आनंदच होतो.

मुक्काम एकाच ठिकाणी, वस्तीत

आठ दिवसांत सहा गावं करू नका. निदान चार रात्री एकाच जागी काढा. कोलंबोत समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलऐवजी गॉल रोडवर वेल्लवत्ता किंवा देहिवलाच्या बाजूला घरगुती खोली घ्या. वेल्लवत्त्यात तामिळ वस्ती मोठी, त्यामुळे शाकाहारी खानावळी पायी अंतरावर. आजूबाजूला सिंहली आणि मुस्लिम घरं. सकाळी मंदिराची घंटा, अजान आणि विहारातलं पठण एकाच खिडकीतून ऐकू येतं. समुद्राला लागून लोकल गाडी धावते.

घरमालकिणीला विनंती करून एकदा तरी सकाळी स्वयंपाकघरात बसा. तिथला सगळा स्वयंपाक ओल्या नारळावर उभा आहे. नारळ खवायचा, पाणी घालून पिळायचा, पहिलं दाट दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं, आणि पातळ दुधात भाजी शिजवून शेवटी दाट दूध घालायचं. आपण सुकं खोबरं विस्तवावर काळं होईपर्यंत भाजून, कांद्याबरोबर वाटून रस्सा करतो. त्यांच्याकडे भाजला जातो तो मसाला. धने, जिरं, बडीशेप गडद होईपर्यंत भाजून जी पूड करतात तिचा वास खान्देशी नाकाला लगेच घरचा वाटेल. चव मात्र नारळाच्या दुधामुळे दुसरीकडेच जाते.

दिवस तासांप्रमाणे वाटून घ्या

हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्रत्येक खाण्याची तिथे वेळ ठरलेली आहे. ती वेळ चुकली की पदार्थही नाही आणि तो खाणारी माणसंही नाहीत.

पहाटे सहा-साडेसहाला गल्लीत तीनचाकी गाडी एक इलेक्ट्रॉनिक धून वाजवत येते. मागे काचेचं कपाट, त्यात पाव आणि गोड बन. ही ‘चून पान’वाली गाडी. घराघरातून माणसं रात्रीच्या कपड्यात बाहेर येतात. तुम्हीही जा, एक बन घ्या, दोन मिनिटं तिथेच थांबा. शेजाऱ्यांची पहिली भेट इथेच होते.

मग टपरी. पाटीवर ‘हॉटेल’ लिहिलेलं असलं तरी तिथे राहायची सोय नसते, आपल्यासारखंच ते जेवणाचं ठिकाण. सकाळी ‘प्लेन टी’ मागा. बिनदुधाचा, कडक, बहुधा आलं घातलेला. त्याबरोबर गुळाचा खडा मिळाला तर तो दाताखाली धरून चहा प्यायचा. दुधाचा चहा ‘किरी ते’ नावाने मिळतो, पण बऱ्याच ठिकाणी तो दूध पावडरीचा असतो. आपल्या म्हशीच्या दुधाच्या चहाची अपेक्षा ठेवू नका. या चहामागे मोठा इतिहास आहे. श्रीलंकेत आधी कॉफीचे मळे होते, ते 1869 नंतर तांबेरा रोगाने बसले. त्याच्या थोडं आधी, 1867 मध्ये, जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने कँडीजवळ लूलकंदुरा मळ्यात चहाची लागवड केली. मळ्यांवर राबायला तामिळनाडूतून मजूर नेले, त्यांचे वंशज आजही डोंगरात पानं खुडतात. टपरीवरचा स्वस्त चहा पिताना हे माहीत असलेलं बरं.

न्याहारीला इडिअप्पम, म्हणजे वाफवलेल्या शेवयांच्या चकत्या, सोबत डाळ आणि नारळाची लाल चटणी. किंवा नारळ घातलेली जाड ‘पोल रोटी’ आणि कांदा-मिरची कुटलेलं ‘लुनु मिरिस’. ज्याला पाट्यावरचा ठेचा आवडतो त्याने लुनु मिरिस खाल्ल्याशिवाय परत येऊ नये.

दुपारचं जेवण साडेअकरा ते दोन. एकच्या आत जा, नंतर चांगल्या भाज्या संपतात. काचेमागे मातीची किंवा ॲल्युमिनियमची भांडी मांडलेली असतात. भात, परिप्पू म्हणजे मसूरडाळ, कोवळ्या फणसाची भाजी, बीट, भोपळा, आणि पानं बारीक चिरून नारळात परतलेलं ‘मल्लुम’. बोटाने दाखवत सांगितलं तरी चालतं. बऱ्याच ठिकाणी भात आणि डाळ पुन्हा वाढतात. हात धुवायला कोपऱ्यात नळ असतो. आधी तिथे जा, मग बसा, आणि उजव्याच हाताने जेवा. आपली माणसं इथे एकदम घरची होतात. चमचा मागणारे प्रवासी रोज दिसतात त्यांना, भात नीट कालवून खाणारा क्वचित दिसतो. हेच जेवण ‘बत् पॅकेट’ म्हणून बांधून मिळतं. कारकून, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, सगळे तेच नेतात. एक दिवस ते घेऊन बागेत बसून खा.

साडेतीन-चारला बेकरी गाठा. बेकरीत रोल, पॅटीस, त्रिकोणी रोट्या दिसतील, त्यांना ‘शॉर्ट ईट्स’ म्हणतात. बसलात की काही जागी पूर्ण भरलेली ताटली समोर आणून ठेवतात. घाबरू नका, जेवढं खाल तेवढ्याचेच पैसे. उरलेलं परत जातं.

संध्याकाळी गॉल फेस ग्रीनला जा. समुद्राकडेची ही मोकळी जागा आणि फिरण्याचा रस्ता इंग्रज गव्हर्नर हेन्री वॉर्ड याच्या काळात 1859 मध्ये तयार झाला. पतंग उडत असतात, पोरं धावतात, गाड्यांवर डाळीचे आणि कोळंबीचे वडे तळतात. 2022 च्या आर्थिक संकटात याच मैदानावर लोकांनी तंबू ठोकले होते आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. आता तिथे पुन्हा वडे आणि पतंग आहेत. पाऊण तास एका जागी बसून नुसती येणारी-जाणारी कुटुंबं बघा.

अंधार पडला की ‘आप्प’ सुरू होतात. तांदळाच्या आंबवलेल्या पिठात नारळाचं दूध घालून छोट्या कढईत फिरवलेले, कडा कुरकुरीत, मध्य मऊ. रात्री उशिरा ‘कोत्तु’. रोटीचे तुकडे, भाज्या, अंडं किंवा मांस तव्यावर टाकून दोन लोखंडी पात्यांनी ठणाठण चिरतात. तो आवाज अर्ध्या गल्लीवरून येतो, पत्ता विचारावा लागत नाही. मुस्लिम हॉटेलांत कोत्तु आणि बिर्याणी चांगली मिळते. तिथेच नारळाचं दूध, गूळ आणि अंड्याचं ‘वटलप्पम’ मागा.

माळकरी आणि शाकाहारी मंडळींसाठी

आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ. त्यांनी श्रीलंका टाळायचं कारण नाही, पण डोळे उघडे ठेवायला हवेत. सगळ्यात मोठी अडचण दिसत नाही अशी आहे. ‘उम्बलकड’, म्हणजे सुकवलेल्या मालदीव माशाचा चुरा. नारळाच्या चटणीत, लुनु मिरिसमध्ये, कधी पालेभाजीत आणि डाळीतही तो घातलेला असतो. भाजी बघून कळत नाही. म्हणून ही चार वाक्यं सिंहलीत पाठ करा: ‘मालु एपा’ मासे नकोत, ‘मस् एपा’ मांस नको, ‘बित्तर एपा’ अंडं नको, आणि ‘उम्बलकड एपा’. शेवटचं वाक्य म्हणायला विसरू नका. नुसतं शाकाहारी म्हटलं तर ती वस्तू ते मोजत नाहीत.

खात्रीचं हवं असेल तर ‘सैवम्’, म्हणजे शाकाहारी, लिहिलेली तामिळ हॉटेलं शोधा. वेल्लवत्त्यात ती सहज सापडतात. उत्तरेत जाफन्याकडे गेलात तर तिथेही अशी हॉटेलं मिळतात. शॉर्ट ईट्समधल्या त्रिकोणी रोटीत मासे असतील असंच धरून चाला आणि विचारूनच उचला. कोत्तुचा तवा मांसासाठीही तोच असतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी कोत्तुचा आवाज ऐकावा आणि आप्पाकडे वळावं.

दही मात्र मनसोक्त खा. दक्षिणेच्या रस्त्यावर, तिस्समहारामाच्या बाजूला, मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही टांगून विकतात. त्यावर ‘कितुल’ माडाची काकवी ओततात. दशमीबरोबर दही खाणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख तिथे नाही.

आठवडे बाजार: शेतकऱ्याने इथे दिवस घालवावा

तिथल्या आठवडे बाजाराला ‘पोला’ म्हणतात. तुमच्या मुक्कामाच्या जवळचा पोला कोणत्या वारी भरतो ते घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा आणि बाकीचा कार्यक्रम त्याभोवती लावा. कोलंबोतल्या पेट्टा भागातल्या गल्ल्या बघण्यासारख्या आहेत. एका गल्लीत कापड, दुसरीत मसाले, सी स्ट्रीटवर सोन्याची दुकानं, 1909 मध्ये पूर्ण झालेली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मशीद. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाला सी स्ट्रीटवर पाय टाकल्याबरोबर व्यवहार कळेल. पण गाव कळायला पोलाच लागतो.

रावेर-यावलच्या माणसाने केळीच्या पालापाशी जाऊन उभं राहावं. आपल्याकडे शेतातून एकाच वाणाची केळी ट्रकच्या ट्रक भरून जाते. तिथे एका दोरीवर चार-पाच जाती टांगलेल्या असतात. छोटी आंबट-गोड ‘अंबुल’, महागडी ‘कोलिकुट्टु’, ‘आनमालु’, लाल ‘रत् केसेल’. कच्च्या केळीची आणि केळफुलाची भाजी घरोघरी होते. प्रत्येकीतली दोन-दोन विकत घ्या, खाऊन बघा, विक्रेत्याला विचारा की पाहुणे आले तर कोणती देतात, आजाऱ्याला कोणती. मोबाइलवर आपल्या बागेचा फोटो दाखवा. एवढा एक फोटो पुरतो, मग दोघांमध्ये भाषा आडवी येत नाही.

शेतीचा विषय निघाला तर 2021 ची आठवण विचारा. त्या वर्षी सरकारने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली, भाताचं पीक घटलं, आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी इंधन, गॅस, दूध पावडर सगळ्याची टंचाई. लोक हे मोकळेपणाने सांगतात, पण आपण सल्ला द्यायला जाऊ नये. ऐकावं. जुन्या यादवी युद्धाचा विषय मात्र स्वतःहून काढू नका. ते 2009 मध्ये संपलं, पण बऱ्याच घरांत माणसं गेलेली आहेत.

बस आणि रेल्वे

बसमध्ये पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव असते, तिथे बसू नका. रेल्वेत दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गानेच जा. कँडीहून डोंगराकडे जाणाऱ्या गाडीत ‘वडे, वडे’ ओरडत विक्रेते चढतात आणि शाळेच्या वहीच्या कागदात तळलेली मिरची ठेवून वडे बांधून देतात. पावसाने घाटातला मार्ग बंद पडतो, म्हणून निघण्याआधी स्टेशनवर चौकशी करा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, एवढं कुठेही पाळा.

बोलायचं कसं

‘कीयद?’ म्हणजे कितीला. ‘बोहोम स्तुति’ म्हणजे आभार. हाका नात्याच्याच. मोठ्या माणसाला ‘अय्या’, मोठ्या बाईला ‘अक्का’, लहान मुलाला ‘मल्ली’, लहान मुलीला ‘नंगी’. तामिळ माणसाला ‘अण्णा’. खान्देशात कोणालाही भाऊ, ताई, माय म्हणूनच बोलतात, त्यामुळे हे जिभेवर लगेच बसतं. फोटो काढायचा असेल तर तिसऱ्या भेटीत, विचारून. पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेर काढला की पुढच्या दोन भेटी वाया जातात, टपरीवाला तुम्हाला प्रवासीच समजत राहतो.

तिसऱ्या भेटीला काहीतरी घेऊन जा. जळगावची केळीची वेफर्स, शेंगदाण्याची चटणी, थोडा काळा मसाला. त्यांनी चाखून तोंड वाकडं केलं तरी गप्पा लांबतात.

पोट सांभाळायचं

समोर तव्यावरून उतरलेलं आणि गर्दी असलेल्या जागी मिळणारं खा. बाटलीबंद किंवा उकळलेलं पाणी प्या, बर्फ टाळा. तहानेला ‘थंबिली’, म्हणजे केशरी शहाळं, सगळ्यात चांगलं. आपला उन्हाळा कोरडा असतो, तिथे हवा दमट असते, घाम सुकत नाही आणि थकवा लवकर येतो. ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. दशम्या आणि चटणी गाडीच्या आणि विमानाच्या प्रवासापुरती ठेवा.

परत येताना

चहा, दालचिनी आणि भाजलेल्या मसाल्याची पूड बंद पाकिटातून घ्या, खुली नको. काकवीची बाटली हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या सामानात कपड्यांमध्ये गुंडाळून टाका. केळीवाल्या मंडळींना तिथल्या एखाद्या जातीचा कंद किंवा रोप आणायचा मोह होईल. आणू नका. आयातीचा परवाना आणि वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र नसताना रोप आणणं कायद्यात बसत नाही, आणि हरण्या या विषाणूजन्य रोगाने बागा उपटाव्या लागलेल्या आपल्या पट्ट्यात बाहेरचा एखादा विषाणू किंवा मर रोग शिरला तर काय होईल हे रावेरकरांना सांगायला नको. जातीचं नाव आणि फोटो वहीत घ्या, आणि इथल्या केळी संशोधन केंद्रात जाऊन विचारा.